डाउनलोड झकास, अपलोड गायब. राउटर बदलू का?

कोमल_ऋषभ

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागेत राहते, शास्त्रीय गाणं शिकवते. सकाळी ७ ची बॅच डॅलसच्या मुलींची असते, तिकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. पावसाळा लागल्यापासून एकच पालुपद चाललंय, "मावशी, तुम्ही अडकलात." मला त्या सगळ्या स्वच्छ दिसतात, ऐकू येतात. कुणाच्या मागे भावंडं भांडतायत तेसुद्धा कळतं. मी मात्र त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचते. परवा अहिर भैरव चालू होता. मध्यमावरून कोमल रिषभावर कसं यायचं ते दाखवत होते आणि नेमकी मींडच गिळली गेली. त्यांना म ऐकू आला, मग शांतता, मग एकदम सा. आता यात शिकवायचं काय?

कनेक्शन स्थानिक केबलवाल्याचं आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा. चाचणी घेतली की डाउनलोड ९० च्या वर, अपलोड मात्र कधी ३, कधी ११. रेकॉर्डिंगची दीड जीबीची फाईल ड्राइव्हवर चढवायला सव्वा तास लागतो. केबलवाल्याला फोन केला की "मॅडम, राउटर बंद करून चालू करा" हे ठरलेलं उत्तर. ते करून झालं. मुलगा पुण्यात असतो, त्याने फोनवरून सांगून राउटर रीसेटही करून घेतला. आता म्हणतो, "आई, राउटर जुना झालाय, चांगल्यातला घे." चांगल्यातला म्हणजे चार-पाच हजार जाणार, म्हणून आधी इथे विचारतेय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ता.क. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला सुधारतं असं वाटतं. पण तेव्हा माझी बॅच नसते, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

वडगावकर

ताई, आधी वायफाय बाजूला काढा. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही आतल्या खोलीत, असंच असणार. राउटरची पाठवायची ताकद लॅपटॉप-मोबाईलपेक्षा जास्त असते. त्यामुळे भिंतींपलीकडून राउटरचं तुमच्यापर्यंत नीट येतं, पण लॅपटॉपचं राउटरपर्यंत जाता जाता दम तोडतं. डाउनलोड बरं आणि अपलोड रडकं, याचं घरोघरी आढळणारं कारण हेच. लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडा आणि मग चाचणी घ्या. वायरवर अपलोड सुधारलं तर राउटर बदलण्याऐवजी त्याची जागा बदला.

दुसरं म्हणजे घरात कुणाच्या मोबाईलचं फोटो-बॅकअप चालू आहे का ते बघा. एकाच फोनने व्हिडिओ चढवायला घेतले तरी अपलोडची वाट अडते. ती तुंबली की नुसता अपलोडच नाही, सगळंच लटकतं, कारण डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच वाटेने जातात.

फुकटचा_सल्ला

प्रोव्हायडर बदला. विषय संपला. चहा प्या.

मीटर_चालू

वरच्या सल्ल्यात चहा तेवढा बरोबर आहे.

ताई, प्लॅनमध्ये अपलोडचा आकडा लेखी आहे का? लोक १०० वाचतात आणि दोन्हीकडे १०० धरून चालतात. आपल्याकडे सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, तोही डाउनलोडचा. जानेवारी २०२३ मध्ये ही व्याख्या सुधारली, त्याआधी ५१२ केबीपीएसवर भागत होतं. अपलोडचा त्यात उल्लेखच नाही. जुनं फोनलाइनवरचं ब्रॉडबँड आठवतंय का? त्या एडीएसएलमधला पहिला ए म्हणजेच असमान. खाली यायला रस्ता रुंद, वर जायला बोळ. ती सवय कंपन्यांच्या हाडीमासी खिळलीय.

चाचणीचंही एक सांगतो. स्पीडटेस्टच्या साइटवर मल्टी आणि सिंगल असे दोन पर्याय असतात. मल्टीमध्ये एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून सगळ्यांची बेरीज दाखवतात. सिंगलमध्ये एकच जोडणी असते. तुमचा ३ आणि ११ मधला फरक तिथलाच आहे का ते बघा. दोन्हीकडे सारखाच आकडा आला तर कंपनीने वेग बांधून ठेवलाय असं समजा. सिंगल खूप कमी आणि मल्टी बराच जास्त आला तर वाटेत माल सांडतोय. मग गोष्ट वेगळी.

कोमल_ऋषभ

सगळ्यांचे आभार. चहा घेतला.

वडगावकर, तुम्ही म्हणालात तशी लॅनची वायर लावली. शेजारच्या मुलाकडे गेम खेळायची लांब वायर होती, ती आणली. फरक काही नाही. तेच ३, तेच ११. माझ्या फोनचा बॅकअप बंद केला, यजमानांच्याही फोनचा केला. त्यांच्या फोनवर नातवाचे व्हिडिओ चढत होते, ते आता रुसलेत. मीटर_चालू, पावतीवर "अप/डाउन १००" असं स्पष्ट छापलंय. आणि हो, सिंगलला ३, मल्टीला ११, अगदी बरोबर ओळखलंत. मग माल सांडतोय म्हणजे कुठे?

जुना_खांब

ताई, तुम्ही ताजा कलम म्हणून खाली ढकललेली ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुपारी सुधारतं. सकाळी ७ ला अख्खी गल्ली झोपेत असते, तेव्हा गर्दीमुळे वेग पडला असं म्हणायला जागा नाही. मग सकाळी वाईट आणि दुपारी बरं, असं कशाने होईल? ओलीने. रात्रभर पाऊस, दव, सकाळी ओल. दुपारी ऊन पडलं की वाळतं. माझं आयुष्य टेलिफोनच्या लायनीवर गेलं. पावसाळ्यात फोन खरखरायला लागला की आम्ही टेलिफोन उघडत नव्हतो, सरळ जॉइंट शोधायला जात होतो.

म्हणून पहिला प्रश्न. तुमच्या घरात जी वायर येते ती काचेची की तांब्याची? काचेची असेल तर भिंतीवर एक छोटा डबा असतो, त्यात हिरव्या किंवा निळ्या टोपणाची बारीक पिवळी नाहीतर पांढरी वायर जाते. तांब्याची असेल तर राउटरच्या मागे थेट जाड लॅनची वायर खिडकीतून आलेली दिसेल. आपल्या गावांतून बरेच केबलवाले इमारतीच्या गच्चीपर्यंत फायबर आणतात, तिथे डब्यात स्विच (एका जोडणीच्या अनेक जोडण्या करणारी पेटी) ठेवतात आणि पुढे प्रत्येक घराला साधी लॅनची वायर सोडतात.

दुसरं. कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरला पिंग करा (पिंग म्हणजे माहितीचं छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का ते बघणं), त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असेल. मग ट्रेसर्ट मारा, म्हणजे पाकीट कुठल्या कुठल्या पत्त्यांवरून जातं ते ओळीने दिसेल. त्यात दुसऱ्या ओळीवर जो पत्ता येईल तो केबलवाल्याच्या बाजूचा. त्याला पिंग करा, पण साधं नको. विंडोजवर साधं पिंग ३२ बाइटचं चिमुकलं पाकीट पाठवतं, ते खराब वायरीतूनही बऱ्याचदा निसटून जातं. पुढे डॅश एल १४०० आणि डॅश टी लावा, म्हणजे मोठी पाकिटं सतत जात राहतील. पाकीट जितकं लांब तितकी त्यातली एखादी बिट बिघडायची शक्यता जास्त, आणि एक जरी बिघडली तरी आख्खं पाकीट केराच्या टोपलीत. पाचेक मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल-सी दाबून गळतीचा टक्का बघा. हे सगळं सकाळीच करा, दुपारी नको.

स्नेहल_टेक्सास

मी प्लेनोला असते, माझी लेकही अशाच एका ऑनलाइन गाण्याच्या क्लासला आहे (दुसऱ्या बाईंकडे), त्यामुळे पलीकडची बाजू मला पाठ आहे. जुना_खांब काका म्हणतात ते पिंग जरूर करा, पण पिंग जाऊन परत येतं, त्यामुळे जाताना हरवलं का येताना, ते कळत नाही. झूममध्ये ते कळतं. क्लास चालू असताना सेटिंग्जमध्ये स्टॅटिस्टिक्स उघडा. ऑडिओ आणि व्हिडिओच्या टॅबमध्ये पॅकेट लॉस, म्हणजे पाकिटांची गळती दिसते, पाठवण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा. येण्याचा शून्याजवळ आणि पाठवण्याचा चार-पाच टक्के असला तर बोट कुठे ठेवायचं ते कळेल.

आणि ताई, झूमला व्हिडिओसाठी दोन-तीन एमबीपीएस पुरतात. तुमचे ३ कमी आहेत म्हणून तुम्ही अडकत नाही आहात. गळतीमुळे अडकताय.

कोमल_ऋषभ

मुलाला फोनवर धरून सकाळी सगळं केलं. काळ्या खिडकीत टाइप करताना कुणीतरी रागावेल अशी भीती वाटत होती, पण जमलं.

वायर तांब्याची आहे. करड्या रंगाची, हॉलच्या खिडकीच्या जाळीतून आत येते आणि थेट राउटरच्या निळ्या भोकात जाते. आमचा तिसरा मजला, वर गच्ची.

राउटरला पिंग: गळती शून्य. पुढच्या पत्त्याला साधं पिंग: जवळजवळ शून्य, एखादं हरवलं. १४०० वालं: ५ टक्के. पाऊस झिमझिम चालू होता. झूममध्ये येणारा लॉस शून्य, जाणारा ४ ते ६ च्या मध्ये नाचत होता. दुपारी सहज परत बघितलं तर १४०० वालं पिंग १ टक्क्याच्या खाली.

एक शंका आहे. वायर एकच आहे ना? मग येताना काही होत नाही आणि जाताना हरवतं, हे कसं? बिघडली तर दोन्हीकडून बिघडायला हवी.

जुना_खांब

शाब्बास ताई. हा प्रश्न बरेच टेक्निशियनसुद्धा विचारत नाहीत.

वायर एक दिसते, पण आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएसच्या इथरनेटमध्ये त्यातल्या दोनच जोड्या कामाला लागतात, एक फक्त पाठवायला आणि एक फक्त घ्यायला. प्लगच्या १ आणि २ नंबरच्या पिना एक जोडी, ३ आणि ६ दुसरी. नेहमीच्या रंगक्रमाने पहिली नारिंगी, दुसरी हिरवी. तुमच्या राउटरकडून वर पाठवायची जोडी बहुधा नारिंगी. म्हणजे हिरवी ठणठणीत आणि नारिंगी अर्धमेली असेल तर तुम्हाला जे दिसतंय तेच दिसणार. (१००० च्या जोडणीत चारही जोड्या दोन्ही दिशांनी चालतात, तिथे असं एकतर्फी दुखणं होत नाही. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वायरीचा वेग १०० लिहिलाय का बघा, असणारच.)

आता तुम्ही म्हणाल, डाउनलोडच्या पोचपावत्या नारिंगीवरूनच जातात, मग डाउनलोड कसं पडत नाही? कारण पोचपावती एकत्रित असते. दहावी पावती पोचली की आधीच्या नऊ हरवल्या तरी पाठवणाऱ्याला कळतं की सगळं मिळालं. अपलोडमध्ये मात्र खरा माल हरवतो. हरवला की पुन्हा पाठवायचा, आणि प्रत्येक हरवण्याला संगणक समजतो की पुढे गर्दी आहे, म्हणून आपणहून वेग खाली आणतो. तीन-चार टक्के गळतीत एका जोडणीचा वेग १०० वरून ३-४ वर यायला काहीच लागत नाही. आणि पलीकडचं टोक जितकं लांब तितका फटका मोठा. मुंबईच्या सर्व्हरला ३ मिळत असतील तर तेवढ्याच गळतीत अमेरिकेतल्या सर्व्हरला अर्धासुद्धा मिळणार नाही.

केबलवाल्याला बोलवा, पण "नेट स्लो आहे" म्हणू नका. "गच्चीपासून घरापर्यंतच्या वायरीत पॅकेट लॉस आहे, वायर तपासायची आहे" असं म्हणा आणि तक्रार क्रमांक घ्या. तो आला की त्याच्याबरोबर गच्चीवर जा. एकट्याला पाठवलंत तर वर बिडी ओढून खाली येईल आणि राउटर बंद-चालू करेल.

वडगावकर

काका, दंडवत. मी इतकी वर्षं सगळ्यांना वायफायच सांगत आलो.

कोमल_ऋषभ

आज मुलगा येऊन गेला. म्हणजे माझा नाही, केबलवाल्याचा. आल्या आल्या स्वतःच्या मोबाईलवर चाचणी घेतली आणि फोन माझ्यासमोर धरला, "मॅडम, नाइंटी थ्री येतंय की. अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, बाळा, अंगठा सरकव आणि खालचा आकडा वाच. ४ होता. मग म्हणाला, अपलोडचं कोण बघतंय. मी बघते, म्हटलं, चल वर.

पाण्याच्या टाकीच्या बाजूला पत्र्याचा डबा, त्यात स्विच, वायरींचा गुंता. त्याने आमची वायर ओढून काढली. प्लगच्या पिना पितळी चकचकीत असायला हव्या ना? पहिल्या दोन हिरव्या-काळ्या पडल्या होत्या, बाकीच्या बऱ्या. त्याला वाटलं सापडलं. नवीन प्लग चिमट्याने दाबून बसवला. खाली येऊन बघितलं तर ४ चे ९ झाले, बस. तो निघायला लागला. मी म्हटलं, थांब, ही वायर आख्खी बघू.

कठड्यावरून आमच्या खिडकीकडे उतरते तिथे काळ्या टेपची गाठ निघाली. गेल्या वर्षी इमारतीला रंग दिला तेव्हा परांचीच्या बांबूने वायर तुटली असणार, आणि कुणीतरी चारच तारा हाताने पिळून जोडल्या होत्या. टेप उकलली तर आतून पाणी ठिबकलं. हिरवी जोडी ठीक होती. नारिंगी जोडीची पिळलेली टोकं काळी ठिक्कर, त्यांच्यावर पांढरी पूड. बोट लावलं तर एक तार तिथल्या तिथे मोडली. निळी आणि तपकिरी जोडी तर जोडलेलीच नव्हती.

काका, नारिंगीच! मी त्या पोराला तुमचं लिखाण वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे काका कुठल्या कंपनीत आहेत?"

नवीन वायर उद्या टाकतो म्हणालाय, पण वायरीचे पैसे वेगळे पडतील म्हणतो. द्यावेत का? आणि वायर कुठली मागू?

जुना_खांब

ताई, मी कंपनीत नाही, झोपाळ्यावर आहे.

पांढरी पूड म्हणजे तार तांब्याची नाही. आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त मिळते म्हणून सर्रास वापरतात, पण लॅनच्या वायरीच्या कॅट ५ई या मानकात ती बसतच नाही, तिथे भरीव तांबंच लागतं. उद्या तो वायर आणेल तेव्हा एक तार ब्लेडने खरवडायला सांगा. आत लाल दिसली तर तांबं, पांढरी दिसली तर परत पाठवा. मग वायर घराबाहेरची हवी, काळ्या आवरणाची. घरातली करडी वायर उन्हात तडकते, एकदा तडकली की पाणी आत शिरून उताराने थेट प्लगपर्यंत जातं. खिडकीतून आत घेण्यापूर्वी बाहेर खालच्या बाजूला एक झोळ सोडायला सांगा, म्हणजे पाणी तिथून खाली टपकेल, आत येणार नाही. मध्ये जॉइंट अजिबात नको, एकसंध वायर. आणि आठही तारा प्लगमध्ये बसल्या पाहिजेत, चार नाहीत.

पैशांचं: तुमच्या राउटरपर्यंतची लाइन नीट ठेवणं त्याचं काम आहे, आणि ती गाठ तुम्ही मारलेली नाही. तो अडून बसला तर तक्रार क्रमांक विचारून कस्टमर केअरला लिहा. तिथे दाद लागली नाही तर कंपन्यांना अपिलाची सोय ठेवावी लागते, ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) २०१२ चा नियम आहे. बहुतेक वेळा अपिलाचं नाव काढलं की वायर फुकट येते.

फुकटचा_सल्ला

आता गंभीरपणे एक. पैसे द्यायचेच असतील तर वायरीचे देऊ नका, घरापर्यंत फायबर मागा. काचेत ओल शिरून गंज चढत नाही, आणि गच्चीवर वीज पडली तर तांब्यातून ती राउटरपर्यंत चालत येते, काचेतून येत नाही. जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) असेल तर वर जाण्याचा रस्ता १.२५ जीबीपीएसचा असतो. तो तीस-साठ घरांत वाटला जातो हे खरं, पण सकाळी ७ ला तो तुमचाच.

कोमल_ऋषभ

नवीन वायर पडली. काळी, आख्खी, बाहेर झोळ सोडून. खरवडून बघितली, लाल. पोराने कुरकुर केली पण पैसे मागितले नाहीत, मी अपिलाचा अ सुद्धा उच्चारला नव्हता. फायबरचं दिवाळीनंतर बघू म्हणालाय.

सिंगल अपलोड ८९, मल्टी ९३. झूममध्ये जाणारा लॉस शून्य. मुलाला कळवलं की राउटर घेत नाही.

आता मुलींची नवीन तक्रार: मावशी, तुम्ही दिसता छान, पण तानपुरा मध्येच गायब होतो. हे पण वायरीचंच का?

स्नेहल_टेक्सास

नाही, हे झूमचं. सतत एकाच सुरात वाजणारा आवाज त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो दाबून टाकतो. ऑडिओच्या सेटिंग्जमध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करा. क्लासमध्ये वर डाव्या कोपऱ्यात त्याचं बटण येईल, तेही दाबायचं. हेडफोन मात्र लावा, कारण हे करताना एको कॅन्सलेशन बंद ठेवलंत तर मुलींचा आवाज फिरून त्यांनाच ऐकू येईल. अपलोड थोडा जास्त लागतो, पण तुमच्याकडे आता तो आहे.

जुना_खांब

आणि ताई, पुढचा मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते १४०० वालं पिंग परत मारा. टाकीच्या बाजूचा तो पत्र्याचा डबा मला आवडलेला नाही.